शेजारच्या घराला बाहेरून कुलूप, आत आजी: कुणाला सांगायचं?

घाटमाथा_विटा (धागाकर्ता)

खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. नाव लिहीत नाही, लिहिलं तर संध्याकाळपर्यंत पारावर पोचेल. निम्मं गाव गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. पोरं कुठं तामिळनाडूत, कुठं बंगालात, सोन्या-चांदीच्या दुकानांत. गावात घरं मोठमोठी आणि आत म्हातारी माणसं.

शेजारच्या आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या. एकुलता एक मुलगा लांब गलाईत, पैसे नेमानं पाठवतो. आजींचं बघायला पुतण्या आणि त्याची बायको त्याच घरात राहतात. दिवाळीपासून जे दिसतंय ते लिहितो. दोघं रानात गेली की दाराला बाहेरून कुलूप. आजी खिडकीतनं पाणी मागतात. अंगणात बसून शेंगा फोडणारी बाई आता बाहेर दिसत नाही. अंगावर लुगडं तेच ते. परवा माझ्या मंडळींनी खिडकीतनं भाकरी दिली, ती उभ्या-उभ्या खाल्ली. डाव्या अंगठ्याला शाई होती. विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाय गं, कागद हुता कसला तर."

पोलिसांत जावं इतकं आहे का हे? की मीच जास्त बघतोय? जाणकारांनी सांगा.

कृष्णाकाठचा_गडी

भाऊ, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. भावकीचा मामला आहे. उद्या पुतण्या तुमच्या बांधावर येऊन उभा राहील. वाट त्याच्या रानातनं असेल तर ट्रॅक्टर अडवेल. आणि आजी ऐनवेळी म्हणतील, "माझं पोरगं सोन्यासारखं हाय, ह्योच शेजारी कागाळ्या करतोय." बघितलेलं आहे हे.

वॉर्ड_सिस्टर

मी मिरजेत वॉर्डात काम करते. बांधावरच्या भांडणाची भीती खोटी नाही, पण धागाकर्त्यांनी लिहिलेल्यात मला तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात आणि तिन्ही गंभीर आहेत: कोंडणं, भूक आणि अंगठा.

लोक मारहाणीचे वळ शोधतात. आमच्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत मारापेक्षा हयगय जास्त दिसते. ओठ-जीभ कोरडी, डोळे खोल, लघवी गडद. नखं वाढून बोटात रुतलेली. माकडहाडावर किंवा टाचेला जखम, तिला वास. बीपीच्या गोळ्यांची पट्टी तशीच भरलेली, किंवा उलट, झोपेच्या गोळ्या इतक्या की माणूस दुपारी बारालाही गुंगीत. हातावर वळ असतील तर कुठं आहेत ते बघावं. पडल्यावर कोपर, गुडघा, कपाळ फुटतं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे डाग किंवा मनगटाभोवती कडं असेल तर ते पडण्याचं नसतं. काही डाग निळे, काही पिवळे पडत आलेले, म्हणजे एका दिवसातले नाहीत.

आणखी एक. आपण आजींना विचारतो आणि उत्तर सोबतचं माणूस देतं. प्रत्येक वेळी. मग मी सोबतच्याला केसपेपर काढायला खाली पाठवते आणि खुर्ची ओढून बसते. पहिली दोन मिनिटं काहीच बोलत नाहीत. नंतर बोलतात.

पण हेही लक्षात ठेवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं हात धरून उठवलं तरी त्वचेखाली काळं-निळं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देणाऱ्या घरातही जखम होऊ शकते. एका खुणेवरून निकाल देऊ नये.

सूनबाई_कराड

हा धागा वाचून हात शिवशिवले म्हणून लिहितेय. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. भरपेट जेवून हात धुतला की पाचव्या मिनिटाला दारात उभ्या राहून ओरडतात, "मला दोन दिस झालं घास न्हाय!" गल्ली ऐकते. मीही दाराला बाहेरून कडी घालते, कारण एकदा त्या पहाटे हायवेला सापडल्या. लोकांनी आम्हाला काय काय म्हटलं असेल याची कल्पना करा. मुंबईचे दीर वर्षातून दोनदा सफरचंदं घेऊन येतात आणि "आई बारीक झालीय" असं म्हणून जातात.

या लोकांपैकी कुणी कधी म्हणालं नाही, "वहिनी, तू दोन तास झोप, मी बसतो." तेव्हा पोलिसांत जाण्याआधी दार वाजवा. पुतण्याची बायको कदाचित माझ्यासारखी पिचलेली असेल.

वॉर्ड_सिस्टर

@सूनबाई_कराड, पटलं, आणि तुमच्यासारख्या बायका आम्ही रोज बघतो. फरक कुठं दिसतो सांगते. तुम्ही आजार सांगता, गोळ्या कुठल्या ते सांगता, माणूस आत आलं तर अडवत नाही. जिथं लपवायचं असतं तिथं माणूस आत येऊ देत नाहीत. आणि घरात कुणीही नसताना बाहेरून कुलूप घालून रानात जाणं स्मृतिभ्रंशातही धोक्याचंच. गॅस, आग, पडणं, काहीही झालं तर आतलं माणूस बाहेर कसं येणार? संध्याकाळी त्यांची चिडचिड वाढत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. मनानं थकला असाल तर टेली-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, सांभाळणाऱ्यांनीही फोन करावा.

माणदेशी_बोरं

वाचतोय. आमच्या दहिवडीकडं वेगळाच प्रकार. चुलत्याचे श्रावणबाळ पेन्शन योजनेचे दीड हजार येतात, पासबुक नातवाकडं. चुलता चहाला महाग. हेही यात धरायचं का?

सातबारा_उतारा

धरायचंच. ३४ वर्षं महसुलात काढली, तलाठी म्हणून लागलो आणि मंडल अधिकारी म्हणून सुटलो. पैसे, अंगठा आणि जमीन, म्हाताऱ्या माणसाची पिळवणूक या तीन दारांनी येते. चुलत्याला घेऊन बँकेत जा, पासबुक भरून घ्या, पैसे कसे निघतात ते बघा. एटीएमनं निघत असतील तर कार्ड बंद करून विड्रॉल स्लिपवर घ्यायला सांगा. चुलता स्वतः आला की बँक ऐकते. त्याच्याशिवाय गेलात तर खात्यातलं अक्षर सांगणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

धागाकर्ते, तुमच्या आजींच्या अंगठ्याची शाई मला स्वस्थ बसू देत नाही. आजींच्या नावावर जमीन आहे का?

घाटमाथा_विटा

आहे. आजोबा गेल्यावर वारसानं आजी आणि मुलगा दोघांची नावं लागली. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या भागातल्या रानाला काय भाव आलाय ते तुम्हाला सांगायला नको.

अ‍ॅड_शाहूनगरी

साताऱ्यात वकिली करतो. कायद्याचं थोडं लांबेल, पण इथं अर्धवट माहितीवर लोक भांडतात म्हणून लिहितो.

ज्येष्ठांसाठीचा मुख्य कायदा २००७ चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम. वय ६० पूर्ण. अर्ज प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर, तेच न्यायाधिकरण. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मंजूर होऊ शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. अर्ज आजींनी स्वतः करायचा. त्यांना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, त्यामुळं शेजाऱ्यानं माहितीचा अर्ज देऊन तशी विनंती करायला हरकत नाही.

आता तुमच्या प्रकरणातली मेख. मुलगा हयात असताना पुतण्या या कायद्याच्या व्याख्येतला 'नातेवाईक' ठरत नाही. चरितार्थ मागायचा तो मुलाकडं. सांभाळायची जबाबदारी घेतलेल्यानं ज्येष्ठाला कायमचं टाकून दिलं तर कलम २४ आहे, ३ महिने कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. इथं टाकून दिलेलं नाही, कोंडलंय. त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १२७, बेकायदा कोंडून ठेवणं. हे पोलिसांचं काम.

आजी बाई आहेत आणि पुतण्या त्याच घरात कुटुंब म्हणून राहतो, म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही लागू शकतो. तो फक्त नवरा-बायकोसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा. आणि @कृष्णाकाठचा_गडी, तुमच्यासाठी मुद्दाम: या कायद्याच्या कलम ४ प्रमाणं कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं, आणि सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

कृष्णाकाठचा_गडी

कायदा वाचून आनंद झाला साहेब, पण बांधावर कलम ४ उभं राहत नाही.

अ‍ॅड_शाहूनगरी

नाही राहत. म्हणून तक्रार एकट्याच्या नावानं टाकायची नसते.

आशाताई_पलूस

हेच लिहायला आले. मी आशा आहे. आम्हाला कुणी दार बंद करत नाही, कारण बीपी-शुगर तपासायला, यादी भरायला आम्ही तशाही सगळ्यांकडं जातो. तुमच्या गावच्या आशाला शांतपणे सांगा, "ताई, त्या आजींचं बीपी बघून या." चारचौघांत सांगू नका. ती आरोग्य केंद्राच्या मॅडमना घेऊन जाईल. आत गेलं की सगळं दिसतं: पाण्याचा तांब्या हाताशी आहे का, संडासापर्यंत जाता येतं का, अंथरूण ओलं आहे का.

मी काय करते ते सांगते. घरी आल्या-आल्या वहीत लिहून ठेवते. तारीख, वेळ, काय दिसलं, आजी काय बोलल्या, त्यांच्याच शब्दांत. "उपाशी ठेवतात" असं लिहीत नाही. "दुपारी दोन वाजता म्हणाल्या, सकाळपासून नुसता चहा घेतलाय, चुलीजवळ भांडी पालथी" असं लिहिते. पुढं साहेब लोकांनी विचारलं की अंदाज कामाला येत नाही.

पुण्यातली_लेक

थोडं अवांतर. बाबा साताऱ्यात एकटे, पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली. ब्यूरोकडून चोवीस तासांचा माणूस ठेवलाय. व्हिडिओ कॉलवर बाबा हल्ली फक्त मान हलवतात. माणूस मागंच उभा असतो. शंका घ्यावी का?

वॉर्ड_सिस्टर

न कळवता जा. जेवायच्या वेळेला जा, आंघोळीच्या वेळेला थांबा आणि स्वतः पाठ, टाचा, काखा बघा. महिन्यातून एकदा वजन घ्या, वहीत लिहा. औषधांच्या पट्ट्या मोजा. तुम्ही फोन करता तेव्हा त्या माणसाला भाजी आणायला पाठवून शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवा, बाबा मान हलवतात की बोलतात ते कळेल.

अ‍ॅड_शाहूनगरी

@पुण्यातली_लेक, पक्षाघातामुळं अपंगत्व असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. कलम ७ खाली कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांना, छळाची माहिती देऊ शकतं आणि ते सुटकेचे किंवा संरक्षणाचे आदेश काढू शकतात. हे कलम बऱ्याच कार्यालयांतही माहीत नसतं, प्रत सोबत न्या. मानसिक आजार असलेल्या माणसाला घरात हाल करून ठेवलं असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणं ठाणे अंमलदारानं ते दंडाधिकाऱ्यांना कळवलंच पाहिजे. मुलांच्या बाबतीत तर पर्यायच नाही: लैंगिक अत्याचाराची शंका असताना गप्प बसणं हाच पोक्सोखाली गुन्हा. चाइल्डलाइन १०९८.

गणपतीपेठ_सांगली

नंबर एकत्र असू द्या, उद्या कुणी शोधत येईल. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, मोफत. आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल तर ११२, तिथं विचार करत बसू नका. महिलांसाठी १८१. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००, सांगलीत आणि साताऱ्यात कोर्टाच्या आवारातच आहे. आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवावी असं नियमांतच आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं ठाण्यात जाऊन आपली नावं स्वतः दिली, वाट बघत बसलो असतो तर बसलोच असतो.

घाटमाथा_विटा

सगळ्यांचे आभार. जे झालं ते सांगतो.

आशाताई आणि केंद्रातल्या मॅडम घरी गेल्या. पुतण्या घरात नव्हता, बायको होती, तिनं दार उघडलं. आजींचं बीपी फार खाली, पाठीला जखम. मॅडमनी तिथल्या तिथं चिठ्ठी लिहून १०८ बोलावली. मुलाला फोन मी केला नाही, सरपंचांनी केला, माझ्यासमोर. त्याला काहीच कल्पना नव्हती, फोनवर दर वेळी पुतण्याच बोलायचा, "काकू झोपल्यात." तो विमानानं आला. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलंय.

आता अडचण अशी. हवालदार जबाब घ्यायला आले तर आजी म्हणतात, "त्येच्यावर मी काय बी सांगणार न्हाय. माझ्या धाकट्या दिराचं पोर हाय, मीच न्हाऊ-माखू घातलंय." मुलगा डोक्याला हात लावून बसलाय.

सूनबाई_कराड

पुतण्याच्या बायकोचं काय? दार तिनं उघडलं हे विसरू नका.

घाटमाथा_विटा

ती माझ्या मंडळींजवळ रडली. कुलूप तोच लावायला सांगायचा म्हणे. दोन लहान पोरं, रान, जनावरं आणि वर आजी. खरं-खोटं तीच जाणे, पण आजींना दवाखान्यात पेज घेऊन तीच जाते. सध्या आजींच्या बहिणीची मुलगी सोबतीला राहिली आहे.

अ‍ॅड_शाहूनगरी

आजींची समज शाबूत असेल तर नको म्हणण्याचा त्यांना हक्क आहे, तो आपण काढून घेऊ शकत नाही. तक्रार करा म्हणून मुलानंही दामटू नये, दबाव एकाकडून दुसऱ्याकडं गेला इतकंच होईल. डॉक्टरांचे कागद आणि जखमेचे फोटो जपून ठेवा, पोलीस त्यावरून काय करायचं ते करतील. आजींना एवढंच विचारा: कुठं राहायचंय, कुणी सांभाळायचं, पासबुक कुणाकडं द्यायचं. याची उत्तरं माणूस देतं, "गुन्हा दाखल करू का" याचं देत नाही.

मुलाला हेही सांगा की नुसते पैसे पाठवून २००७ च्या कायद्यातली जबाबदारी संपत नाही.

कृष्णाकाठचा_गडी

बांधाचं काय झालं?

घाटमाथा_विटा

पुतण्या बोलत नाही. वाट अजून चालू आहे, बघू.

@सातबारा_उतारा, तुम्ही म्हणालात म्हणून मुलानं आजींना शाईचं विचारलं. "विट्याला गाडीतनं नेलं, साहेबापुढं बशिवलं, फोटू काढला, अंगठं घेतलं" एवढंच आठवतं. काय असेल?

सातबारा_उतारा

फोटो आणि अंगठे म्हणजे दुय्यम निबंधकांकडं दस्त नोंदला. बक्षीसपत्र असेल, हक्कसोड असेल किंवा कुलमुखत्यार. सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा, दस्त कळेल. त्याआधी आज रात्रीच महसूलचं 'आपली चावडी' संकेतस्थळ उघडा, जिल्हा-तालुका-गाव निवडा, फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची, नोटीस लागली आहे का बघा. मोबाइलवर होतं.

घाटमाथा_विटा

लागलीय. बक्षीसपत्र. पुतण्याच्या नावानं, आजींचा हिस्सा.

अ‍ॅड_शाहूनगरी

दस्ताची प्रमाणित प्रत काढून आधी एकच गोष्ट वाचा: "सांभाळ करण्याच्या अटीवर" अशा अर्थाचं काही लिहिलंय का. २००७ च्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणं अट असेल आणि सांभाळ केला नसेल तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्दबातल ठरवू शकतं, आणि जमीन घेणारा कुणीही असो, हे कलम लागू, पुतण्यालाही. अटच नसेल तर अवघड, २०२२ च्या सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी निकालात सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. उलट २ जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचला आणि आईला ताबा परत द्यायला लावला, तिथं मुलानं सांभाळायचं लिहून दिलं होतं. फसवून अंगठा घेतला असेल तर दिवाणी कोर्ट आहेच. पण अर्ज आजींचाच लागेल. पुतण्यावर गुन्हा नको म्हणणाऱ्या आजी जमीन परत हवी म्हणतील का, ते त्यांना निवांत विचारा.

घाटमाथा_विटा

ते विचारायची गरज पडली नाही. मुलानं बक्षीसपत्र म्हणजे काय ते सांगितल्यावर अंथरुणावर उठून बसल्या. म्हणाल्या, "रान दिलं म्हनून कोन म्हनलं? पेन्शनीचा कागद हाय म्हनला हुता त्यो."

सातबारा_उतारा

मग वेळ घालवू नका. आजींच्या अंगठ्याचा लेखी आक्षेप तलाठ्याकडं द्या, साक्षीला दोघं आणि दवाखान्याचा कागद जोडा. अंगठा घेण्याआधी आजींना अर्ज वाचून दाखवा आणि "वाचून दाखवला" असं खाली लिहा. मुलानं सहहिस्सेदार म्हणून वेगळा आक्षेप द्यावा. आक्षेप आला की नोंद तक्रारी रजिस्टरला जाते, सुनावणीशिवाय प्रमाणित होत नाही. दस्त त्यानं रद्द होत नाही, पण सातबाऱ्यावर पुतण्याचं नाव चढायचं थांबतं. नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची, आणि ती नोटीस लागल्यापासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. तलाठी भेटले नाहीत तर तहसीलच्या आवकला द्या. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का बघूनच खिडकी सोडा.